नऊ अक्षरांची जुळणी

४ जानेवारी, थेरगाव

स्वरूपाचा घसा? बरा. जावईबापूंची पाठ? बरी. पिंकीचा दात? पडला! "तुमचं बीपी, अप्पा?" तेही बरं. झाला फोन. चार मिनिटं. लेक हैदराबादेत जिवाणूंवर संशोधन करते, आणि आम्ही बोलतो दात-पाठीवर.

९ जानेवारी

स्वरूपाच्या इथल्या कपाटात तिचे जुने छापील कागद सापडले. दोन याद्या, चारच अक्षरं उलटसुलट. एक जिवाणूतल्या बिऱ्हाड बदलणाऱ्या जीनची — आज इथं, उद्या तिथं. दुसरी रायबोसोमल आरएनएची. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचा सांगाडाच तो. मोबाईलवर वाचून जमेल तसं शिकलो. पट्ट्या कापल्या, एकीवर दुसरी सरकवत बसलो. भोसरीच्या कंपनीत बत्तीस वर्षं पार्ट तपासले, नजर शाबूत आहे!

२१ जानेवारी

सापडलं! सलग नऊ अक्षरं तंतोतंत. शेवटच्या पानावर पाहतो तर तिनंही हीच हेरलेली. लगेच फोन केला. "हो अप्पा, त्यावरच पेपर पाठवतेय, फेब्रुवारीअखेर. मीटिंग आहे, ठेवते."

२३ जानेवारी

योगायोग तर नसेल? मूग, चवळी, हरभरा, राजमा — अक्षराला एक दाणा. डब्यात हलवून नऊ-नऊ काढले, त्याच जागेशी ताडले. शंभरदा. एकदाही नाही! स्वरूपाची आई, इंदू, असती तर कडधान्याची ही दशा बघून ओरडली असती. घर भरलं असतं.

गॅरेजवाले नवाबभाई डोकावले. "रंगराव, खेळून झालं की उसळ करा राव, अर्धी इकडं!"

७ फेब्रुवारी

चुकलो. अख्खी यादी धुंडाळून सगळ्यात बरी जागा मी उचलली, आणि योगायोगाला मात्र एकच जागा दिली! असा लॉट कंपनीत पास केला नसता. मग जीनच्या यादीएवढ्या, चारशे-चारशे दाण्यांच्या तीन पूर्ण याद्या केल्या, दुसऱ्या यादीवर सगळीकडून सरकवल्या. पंधरा दिवस गेले. पहिलीत सलग आठ जुळली. दुसरीत नऊ. तिसरीत नऊ.

म्हणजे आमच्या नऊ अक्षरांत विशेष काही नाही. स्वरूपाशी बोलायचं निमित्तही गेलं. तरी वहीचे फोटो पाठवले — माझी चूक म्हणून. तिनं संगणकावर नीट तपासलंच असेल.

८ फेब्रुवारी

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

९ फेब्रुवारी

नाही. उगाच पाठवलं.

११ फेब्रुवारी

स्वरूपाचा मेसेज — जसाच्या तसा उतरवतो. "अप्पा, योगायोग ताडताना मीही एकच जागा धरली होती. पेपर थांबवलाय. वर्षभर मनात खुटखुट होती, इथं बोलायला कुणीच नाही. वही पाठवा. आणि तुम्ही कसे आहात ते — 'बरं' सोडून — लवकर लिहा."