हरीच्या टर्नटेबलचा बेल्ट

जामसंडे,
रविवार

ती. विनीतदादांना सत्यवानचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो असं वहिनी म्हणत होत्या. तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? इकडे तुमची बहीण ठीक आहे, मीही ठीक, कलमांना मोहोर बरा आहे. (कंपाउंडपलीकडे हरिश्चंद्रच्या कलमांना आमच्यापेक्षा जास्त आहे. पण इतका मोहोर टिकत नसतो असं मी ऐकून आहे.) एरवी फोनच केला असता, पण मी फोनवर बोलू लागलो की सारिका हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते, आणि ही हकिगत तिच्या पाठीमागेच सांगायची आहे.

हरिश्चंद्र तुम्हाला आठवत असेल. आमच्या वास्तुशांतीला, कोणी सांगितलं नसताना, शंख फुंकायला पुढे झाला होता तो. जन्म बोटीवर इंजिनरूममध्ये काढला, आता आमच्या शेजारी एकटाच राहतो. बायको मुलीकडे असते. पाऊस ओसरल्यावर तो म्हापशाला गेला आणि तिथल्या एका हायफाय डीलरकडून जुनं टर्नटेबल घेऊन आला. युरोपातलं, लाकडी बैठकीचं, दिसायला असं की देवघरात ठेवलं तर कोणी हळदकुंकू वाहील. सोबत डीलरने जुन्या रेकॉर्डांचा एक गठ्ठा दिला. झालं. दिवेलागणीला त्याच्या पडवीत आळी जमू लागली. हरी पांढरे हातमोजे घालून रेकॉर्ड पुसतो, वाकून सुई टेकवतो आणि मग सगळ्यांकडे असा बघतो की जणू गाणं त्यानेच म्हटलं आहे. मी एकदा मध्येच विचारलं, स्पीकर कुठले? तर म्हणाला, "सत्यवाना, सुई टेकताना बोला नको रे." ज्या माणसाने सबंध देवगड डेपोच्या गाड्या माइकवरून बोलून सोडल्या, त्याला बोला नको.

तेही मी गिळलं असतं. पण तुमची बहीण रोज जाऊ लागली. दादा, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पेटी काढून बसलो की हिला नेमकं भाताचं आधण आठवतं. ती बाई संध्याकाळचा चहा आटोपून, केस विंचरून हरीच्या पडवीत जाऊन बसते, तीही थेट स्पीकरला लागून! एके दिवशी मी लिंबाच्या रोपाला काठी बांधण्याच्या निमित्ताने कंपाउंडपाशी वाकलो होतो. (रोपाला काठीची गरज नव्हती.) भजनाची रेकॉर्ड संपली आणि ही हरीला म्हणाली, परत लावा. त्याने लावली. मला हिने उभ्या जन्मात कशालाही परत म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हापसा गाठलं. तो डीलर म्हणजे दुकानभर उघडी मशीनं पसरून मध्ये बसलेला एक शांत म्हातारा. त्याने मला समजावलं की हरीच्या मशीनमध्ये मोटर एका बाजूला असते आणि रबरी बेल्ट तबकडी फिरवतो, म्हणून मोटरची थरथर सुईपर्यंत पोचत नाही, आवाजात गोडवा येतो. मी म्हटलं, ह्याच्यापेक्षा वरचढ दाखवा. तो म्हणाला, वरचढ असं नसतं, वेगळं असतं. अशा माणसाकडून खरेदी कशी करणार? मग कोल्हापूरला आलो. (तुम्ही तेव्हा नातवाकडे बंगलोरला होतात, नाहीतर उतरलो असतो.) तिथला डीलर मात्र माणूस ओळखणारा. मी चार मशीनं बघितली, झाकणं उघडून मिटून पाहिली, कुठलं जास्त जड आहे ते विचारलं. त्याने शांतपणे चहा मागवला आणि म्हणाला, "शेजाऱ्यांकडे कोणतं आहे?"

मी सांगितलं. त्याने लगेच कोपऱ्यातलं एक जपानी धूड पुढे ओढलं. ह्यात बेल्टच नाही, मोटर थेट तबकडीखाली. तबकडीच्या कडेला ठिपके आहेत, त्यांच्यावर छोटा दिवा पडतो. वेग अचूक असला की फिरते ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. शेजारी एक सरकपट्टी, वेग किंचित वरखाली करायला. डीलर म्हणाला, बेल्टवाल्यात गोडवा असेल, ह्यात शिस्त आहे. आणि बेल्ट शेवटी रबर, रबर म्हातारं होतं. दादा, मी वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. उभे राहिलेले ठिपके बघून माझे डोळे भरून आले. वर अँप्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर घेतले. गाडीत मागच्या सीटवर मशीनला पट्टा लावून बसवलं आणि करूळ घाट इतक्या हळू उतरलो की मागचे ट्रकवाले हॉर्न देऊन थकले.

घरी आळीला बोलावलं. चहा, खाजं, सगळं मांडलं. आणि तेव्हा ध्यानात आलं की माझ्याकडे रेकॉर्ड एकही नाही. होती ती डीलरने मशीनची तपासणी करायला दिलेली. तिच्यात पहिल्यांदा टेबलटेनिसचा चेंडू ह्या स्पीकरातून त्या स्पीकरात जातो, मग आगगाडी जाते. माणसं भली, शेवटपर्यंत बसली. हरीने आगगाडी गेली त्या दिशेला मान वळवून सुद्धा बघितलं. सगळे गेल्यावर तुमची बहीण कपबश्या गोळा करत म्हणाली, रेल्वे बरी गेली. मग पदर नीट केला आणि निघाली हरीकडे.

मी वाटेत उभा राहिलो. काय बोललो ते लिहीत नाही, तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात. पण एवढं विचारलं की हरीच्या घरात असं काय आहे, जे इथे नाही. ती म्हणाली, "थंय बाबा आसत."

दादा, ती भजनाची रेकॉर्ड मिठबावच्या बुवांची आहे. मागे पखवाज तुमच्या बाबांचा. बाहेर कव्हरवर फक्त बुवांचं नाव, म्हणून कोणाला पत्ता नाही. पण शेवटच्या अभंगात बुवा तान घेऊन समेवर येतात आणि मागून कोणीतरी म्हणतं, "व्वा बुवा." ते बाबा. तेवढेच दोन शब्द. तुमच्या घरी फोटो आहे, पखवाज आहे, पण आवाज कुठेच नाही, हे तिने मला तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, मग मला आधी बोलायचं नाही का? तर म्हणाली, "तुमका काय सांगतलंय? तुम्ही आधी सुई खंयची ता इचारतलात."

मी हरीकडे रेकॉर्ड मागायला गेलो. वाटेत देवाला म्हणत होतो, हा नाही म्हणू दे, म्हणजे मला निदान भांडता येईल. त्याने हातमोज्यांसकट दिली. म्हणाला, तुझी मशीन माझ्यापेक्षा बरी, तिच्यावर ऐकव तिला. असल्या माणसाचा राग तरी कसा धरायचा? मी धरला.

घरी लावली. ठिपके उभे. बुवा समेवर आले, "व्वा बुवा" झालं, इतकं स्वच्छ की माणूस बाकावर येऊन बसलाय. मी सारिकाकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता.

"हे बाबा न्हय," ती म्हणाली. "बाबांचो आवाज जड होतो."

मला कळायला वेळ लागला नाही. हरीचा बेल्ट सैल झालाय. त्याची तबकडी हळू फिरते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचेच आवाज खाली उतरतात. म्हणजे इतके दिवस ही जे ऐकत होती ते चूक होतं, आणि माझं बरोबर! वाक्य तोंडात तयार होतं, दादा. हरीचं मशीन चुकतंय! ह्या वाक्यासाठी मी दोन डीलर पालथे घातले होते. पण ती उठून पदराने डोळे टिपत होती, तर ते वाक्य तसंच राहिलं. मी सुई उचलली, सरकपट्टी थोडी खाली ओढली आणि परत लावली. ठिपके मागे घसरू लागले, मला बघवेनात. बुवांचा गळा खाली बसला. समेवर मागून आवाज आला, "व्वा बुवा." ती खाली बसली. म्हणाली, "हां. हे बाबा." आणि मग मलाच म्हणाली, परत लावा.

खरा वेग विचाराल तर ठिपके थांबतात तोच. बाबा कुठल्या वेगाचे होते ते तुम्ही दोघं भावंडं जाणा. म्हणून म्हणतो, गुडघा बरा झाला की या आणि ऐका. वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुमचा धाकटा,
सत्यवान

ता. क. रेकॉर्ड हरीला परत द्यावी लागली, त्यामुळे तुमची बहीण पुन्हा तिकडेच जाते. त्या कोल्हापूरच्या डीलरकडे हरीच्या मशीनचा नवा, घट्ट बेल्ट मिळेल. तो घ्यावा आणि तुमच्या नावाने हरीला भेट पाठवावा. त्याची तबकडी एकदा बरोबर वेगाने फिरू लागली की बाबा तिथून निघून माझ्याकडे येतील. पत्र खरं तर ह्यासाठीच होतं. माझं नाव येऊ देऊ नये.

ता. क. दुसरा, बुधवार. रविवारी पाकिटाला डिंक शोधत होतो एवढ्यात हरी काखेत रेकॉर्ड घेऊन आला. म्हापशाच्या म्हाताऱ्याने त्याला आपणहून नवा बेल्ट बसवून दिला म्हणे. "आता बुवा बारक्या पोरासारखे गातत रे," म्हणाला. "तुज्याकडे लाव." मी सरकपट्टी खाली ओढून, तिच्यावर फडकं टाकून लावली. तेव्हापासून तो रोज दिवेलागणीला स्वतःची खुर्ची घेऊन येतो आणि स्पीकरला लागून बसतो. दुसऱ्या बाजूला तुमची बहीण. मी आत चहा करतो. तरी नवा बेल्ट पाठवू नका. डीलरकडे वापरून सैल झालेला एखादा जुना पडला असेल, तो नवा म्हणून हरीला पाठवा.