एकाच फळ्यावर दोघी

३ मार्च, सोमवार
दुकानाचा कॉम्प्युटर पुन्हा बसला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, मावशी, मशीन म्हातारं झालंय. आत दोन प्रोग्राम. एक काउंटरवर कपडे लिहून घेतो, दुसरा मागे इस्त्रीच्या खोलीत चिठ्ठ्या छापतो. एकमेकांशी बोलत नाहीत. मेमरीतली एकच जागा, एक लिहितो, दुसरा वाचतो. शेअर्ड मेमरी म्हणतात. मी चौथी पास, पण झटक्यात कळलं.

४ मार्च
सुनेशी माझं बोलणं बंद आहे. स्टार्चवरून. चूक तिची. आता बोलायची गरजच नाही. मधल्या दारावर फळा टांगला.

५ मार्च
कॉम्प्युटरवाला फळा बघून हसला. म्हणाला, कुलूप हवं. एक लिहीत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, नाहीतर अर्धंमुर्धं वाचलं जातं. बरं. नियम केला. फडकं जिच्या हातात तिनेच लिहायचं, दुसरीने थांबायचं. म्हणजे सुनेने.

७ मार्च
फडकं तिच्याकडे होतं. मला घाई. बाहीने पुसून लिहिलं. मालकिणीला कसलं कुलूप.

८ मार्च
फळ्यावर होतं, पडदे निळे रंगवणे. मी 'पडदे' पुसून 'डॉक्टरीणबाईंचा कोट' लिहिलं, तेवढ्यात फोन आला. पुढचं पुसायचं राहिलं. सुनेने वाचलं तसं केलं. अक्कल वापरायला नको? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा निळा कोट घालून आता पेशंट बघू की गॅसवाल्यासारखे सिलिंडर पोचवू? रंग एकसारखा बसलाय, ते कुणी बोललं नाही.

१० मार्च
मुलगा म्हणाला, तिला हॉटेलच्या लाँड्रीत नोकरी मिळतेय. आई, तू एकदा थांब म्हण, ती थांबेल. मी कशाला म्हणू? फळा आहे ना. विचारू दे तिथे.

१२ मार्च
सकाळी फळ्यावर सुनेचं लांबलचक काहीतरी. चष्मा डब्यात. पुसलं. साबण संपला, असं लिहिलं.

१३ मार्च
सून आली नाही. मुलगा म्हणाला, तिने विचारलं होतं, थांबू का? तू उत्तर दिलंस, साबण संपला. आता त्या दोघांच्या घरी जाऊन तिला सांग म्हणे. दुकान टाकून कुठे जाऊ?
कॉम्प्युटरवाल्याला सहज विचारलं. म्हणाला, या जुन्या मशीनवर प्रोग्राम निघून गेला तरी त्या जागेत लिहिलेलं राहतं, कुणी पुसेपर्यंत.
तेच तर.
चष्मा लावून मोठ्या अक्षरात लिहिलं, थांब. फडकं खुंटीला लावलं. आता तिची पाळी.

१५ मार्च
इस्त्री मीच केली. साबणही मीच आणला. फडकं खुंटीलाच आहे.