लिफ्टमधला नंबर

१२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

आज पुन्हा मोबाइलच्या दुकानात जाऊन आले. येताना दूध आणलं, जेवले आणि लिहायला बसले.

प्लॅन परत महागलेत. तुझ्याकडे यायचं तर परदेशात चालणारा पॅक वेगळा घ्यावा लागतो, आणि तो दोन्ही नंबरांवर घेणं मला झेपणारं नव्हतं. काल काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, एकट्या माणसाला दोन नंबर कशाला?" मी सांगितलं, लोक लिफ्टमध्ये अडकतात म्हणून. तिने हळूच शेजारणीकडे पाहिलं. तशीच परत आले.

गुडघ्यांमुळे येत नाही म्हणायचे, ते निमित्त होतं. तुझ्या दादाने सांभाळलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये त्याच्या नंबरची पट्टी आहे. तो गेल्यावर आठवड्यातच फोन आला. एक आजोबा अडकले होते. मेकॅनिकऐवजी बाई बोलतेय म्हणून माझ्यावरच खेकसले. इतकी वर्षं वाढलेल्या ताटापुढे बसून तो फोनवर जे सांगायचा, तेच मी म्हटलं, "दार ओढू नका. आत हवा भरपूर आहे. माणूस पोचेपर्यंत मी फोनवर आहे." मग माझ्या फोनवरून दादाच्या कामातल्या जोडीदाराला कळवलं. तेव्हापासून हेच. आंघोळीला गेले तरी फोन दाराबाहेर स्टुलावर. मी विमानात असताना कुणी अडकलं तर?

काल संध्याकाळी जोडीदारापुढे प्लॅनचं रडगाणं गायले. तो खिशातल्या पान्याशी चाळा करत ऐकत होता. मग म्हणाला, "वहिनी, नंबर माझ्या नावावर करा. दादासारखा आवाज नाही माझा, पण बोलेन तेच." इतके दिवस मागायला त्याची जीभ रेटत नव्हती म्हणे. आज दोघं जाऊन सही करून आलो. मला वाटलं होतं, तिथेच रडू फुटेल. बाहेर पडले तर सपाटून भूक लागली होती.

माझ्या नंबरावर पॅक घेतलाय, तिकीटही काढते. पण पत्र त्यासाठी नाही. दर रविवारी तू अजून दादाच्याच नंबरवर फोन करतेस, आणि मी उचलून 'बोल ठमे' म्हणते. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. या रविवारी तिथे दुसरंच कुणी बोलेल, म्हणून पत्र कुरियरने पाठवतेय. दचकू नकोस. माझा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. आता फोन बंद करून जरा पडते.

तुझीच,
वहिनी