तीनदा मोजलेले नाक

मी, तारा मोरोपंत दहिहांडेकर, वय चौपन्न, अविवाहित, व्यवसाय शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला. छाती दगा देईल असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र ताळ्यावर आहे. कोणी लिहायला लावले म्हणून नव्हे, माझ्या पश्चात कोणी आडवे येऊ नये म्हणून हे लिहून ठेवते.

१. जठारपेठेतील दोन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. ते धाकटा भाऊ कमलाकांत, वकील, अमरावती, यास मिळावे. त्याच्यावर माझा राग आहे. पण आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचे सगळे त्यानेच केले.

२. नाक व डोके मोजण्याचा पितळी चिमटा विद्यापीठाचा आहे. १९५३ साली माझे मार्गदर्शक प्रा. वामनराव यांनी तो देऊन मला बाळापूरकडे पाठवले. बायकांच्या नाकांवरून कोणती जात कोणत्या वंशाची, कोण वरची, कोण खालची, हे प्रबंधात सिद्ध करायचे होते. शेतात कापूस वेचणाऱ्या पार्बताबाई म्हणाल्या, "बाई, नाक काहून मोजून राहिल्या तुमी? माहे हात पाहा ना, कपाशीनं कसे फाटले." मी नाक मोजले आणि हातही पाहिले.

घरी येऊन आईचे नाक मोजले. आई सोवळ्यातली, पुजाऱ्याची मुलगी. तिचे व पार्बताबाईंचे माप एकच आले. वामनराव म्हणाले, "परत मोजा." मी तीनदा मोजले. मग त्यांनी तक्त्यातून आईची ओळच खोडली. चिमटा परत करावा व पोच घ्यावी.

३. पुढे मी मोजणे सोडले आणि एकशे बारा बायकांचे बोलणे उतरवून घेतले: मजुरी, बाळंतपणे, नवऱ्याचा मार, कोणत्या विहिरीवर पाणी मिळत नाही ते. "या बायकी गप्पा," म्हणून वामनरावांनी प्रबंध नाकारला. १९५७ साली मी टायफॉइडने पडले असता कमलाकांतने टंकलिखित प्रत वामनरावांना नेऊन दिली. "अक्का, त्यांच्या नावावर का होईना, पुस्तक तर निघेल," हे त्याचे म्हणणे. पुस्तक निघाले. त्यात माझे नाव नव्हते आणि बायकांच्या नावांच्या जागी आकडे होते. अमरावतीच्या प्रकाशन समारंभात मी उभी राहिले आणि विचारले, "एकोणचाळीस क्रमांकाची बाई कोण?" वामनरावांनी पाण्याचा पेला उचलला. "जयवंता," मीच सांगितले, "दर्यापूरची. दोन लेकरं गमावलेली. तुम्ही तिला आनंदी वृत्तीची ठरवलंय." दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढले. त्याची मला लाज वाटत नाही.

४. माझी हाताने लिहिलेली मूळ टिपणे पार्बताबाईंची मुलगी शालू, हल्ली दर्यापूर येथे शिक्षिका, हिच्या मालकीची होतील. पोस्टातील शिल्लक छपाईसाठी तिलाच द्यावी. ज्या बायकांनी संमती दिली त्यांची नावे पूर्ण छापावीत. खोडलेली ओळही छापावी. विद्यापीठाने मरणोत्तर पदवी देऊ केल्यास नाकारावी. शोकसभेत वामनरावांना बोलू देऊ नये.

५. हा मसुदा कमलाकांतने वाचला. म्हणाला, "अक्का, वामनराव सर दावा लावतील."

मी म्हटले, "लावू देत. कोर्टात तरी त्यांना त्या बायकांचं बोलणं पहिल्या पानापासून वाचावं लागेल."

त्याने खिशातून पेन काढून माझे दोन कायदेशीर शब्द दुरुस्त केले.

वरील मजकूर वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

तारा मोरोपंत दहिहांडेकर

साक्षीदार:
दुर्गाबाई खुशालराव गावंडे, मुख्याध्यापिका, अकोला
रामराव सखाराम ताथोड, शेतकरी, बाळापूर

अकोला, ११ नोव्हेंबर १९६४