पान दोनशे तेरा

२ जुलै
आजपासून रोजनिशी. कारण, शिस्त. आपल्या तांड्याचा इतिहास टाईप करून झाला. पानं ४३८, प्रकरणं ४१. तेहतीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक रजिस्टर सांभाळलं, एक कागद हरवला नाही. त्यामुळे फाईलही एकच ठेवली आहे. दोन प्रती म्हणजे दोन घोळ. हाताने लिहिलेल्या वह्या रद्दीत दिल्या, आता सगळं डिजिटल.
प्रकाशन १७ ऑगस्टला, तीजेचे गव्हांकुर बोळवायच्या दिवशी. याडीला, म्हणजे आईला, विहिरीचं प्रकरण तांड्यासमोर वाचून दाखवायचं कबूल केलंय. बहात्तरच्या दुष्काळात सत्तावीस बायांनी ती विहीर खणली. याडी त्यातली एक, बाकी सगळ्या गेल्या. नावं फक्त तिलाच पाठ. दोन वर्षांपूर्वी तिने सांगितली, मी उतरवून घेतली.

३ जुलै, सकाळ
विहिरीचं प्रकरण पान २१३ वर आहे. आईचा मान म्हणून पुढे, पान १२ वर न्यायचं ठरवलं. सगळं सिलेक्ट केलं, कट केलं. माउसचं चाक फिरवत वर निघालो. पान ९० जवळ मनगट दुखलं. चहा.

त्याच दिवशी, दुपार
लोहाऱ्याहून छापखान्याचे जमीरभाई फोनवर म्हणाले, पुस्तकात सुरुवातीले शुभेच्छा संदेश लागते साहेब. सभापतींचा संदेश मेलमधून कॉपी केला, पान १२ वर चिकटवला, फोटोसकट. सेव्ह करून मशीन बंद केलं. आज फार काम झालं.

११ जुलै
सूनबाई सुरभी शाळेत शिकवते, त्यामुळे घरीही शिकवते. म्हणाली, मामाजी, प्रत्येक प्रकरणाच्या नावाले हेडिंग द्या, मंग बाजूले यादी येते, टिचकी मारली का थेट त्या पानावर. म्हटलं, माझी अनुक्रमणिका हाताने केलेली आहे, टिंबांसकट. टिंबंही मोजून टाकलीत. ती भाकरी थापायला गेली. पटलं असावं.

१९ जुलै
याडी म्हणाली, माह्या बायाइचं पान दाखव. दिमाखात पान २१३ काढलं. तिथे ज्वारीचे वाण. पानं थोडी सरकली असतील. लाईट जाईल म्हणालो, उद्या दाखवतो.

२० जुलै
सकाळी आठपासून चाक फिरवलं. पान ३०० वर जेवण. शेवटच्या पानावर संध्याकाळ. बोट सुजलं. नजरेतून सुटलं असेल.

२३ जुलै
युक्ती. पेज डाऊनच्या बटणावर अडकित्ता ठेवला आणि अंघोळीला गेलो. आलो तेव्हा शेवटचं पान समोर. म्हणजे प्रकरण वाटेत नक्की येऊन गेलं, मीच हजर नव्हतो.

२९ जुलै
शोधायच्या खिडकीत ‘विहीर’ टाकलं. ३१६ ठिकाणी सापडली. सगळ्या विहिरी पुरुषांच्या. मग याडीने सांगितलेलं पहिलं नाव, ‘मथुराबाई’. शून्य.
घाबरलो. मग आठवलं, पहिली दीडशे पानं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती या खिडकीला वाचता येत नाहीत. पान १२ त्यातच येतं. म्हणजे प्रकरण तिथेच आहे, दिसत नाही एवढंच. पान १२ वर सभापती हसताहेत. त्यांच्या मागेपुढेच असणार. निश्चिंत झालो.

७ ऑगस्ट
जमीरभाईंचा फोन, फाईल कवा पाठवता? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. अनुक्रमणिकेत ‘२१३’ खोडून ‘२१३ च्या आसपास’ केलं.

१० ऑगस्ट
पोरींनी तीजेसाठी टोपल्यांत गहू पेरलेत. रोज त्याच विहिरीचं पाणी घालतात. याडी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरीला सांगते, सतराले या वं, माह्या बायाइचे नावं पुस्तकात आले हायेत.
मी मागच्या दाराने ये-जा करतो. जेवण जात नाही. भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

१३ ऑगस्ट
सुरभीला परवानगी दिली. चार तास बसून तिने सगळ्या प्रकरणांना हेडिंग दिलं. बाजूला यादी आली, टिचकी मारली की खरंच पान येतं. फारच सोपं आहे. यादीत प्रकरणं चाळीस.
म्हटलं, एक्केचाळीस आहेत, अनुक्रमणिकेत नोंद आहे. नोंद आहे म्हणजे कागद आहेच. तिने पुन्हा मोजली. मग हळूच विचारलं, मामाजी, विहिरीचं कट करून तुम्ही चिकटवलं कुठी? चिकटवायच्या आधी दुसरं काही कॉपी केलं का पहिलं पुसून जाते.
मी तिला चहा करायला पाठवलं आणि ही रोजनिशी उघडली. ३ जुलै. सकाळ वाचली, दुपार वाचली. तीनदा वाचली. शिस्तीत लिहिलं आहे सगळं.
रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. म्हणाला, साहेब, तो माल कवाचाच गेला.

१४ ऑगस्ट
याडीजवळ नवी वही घेऊन बसलो. म्हटलं, छपाईआधी एकदा ताडून पाहू, नावं सांग. खूश झाली. पदर सावरून बसली, बोटांच्या पेरांवर मोजत सांगू लागली. मथुराबाई. कौसल्या. सोनी, जी खडक फोडताना गात होती. मी पेनाने लिहीत गेलो. एकोणिसाव्या नावावर तिचा अंगठा थांबला.
वाट पाहिली. विहिरीकडे तोंड करून बसवलं, तरी नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा एकोणीस.
मग हसली. म्हणाली, म्हातारी झालो ना रे बाबू, आठ बाया सुटल्या. तू कायले तोंड पाडून राह्यला? तुह्या कॉम्प्युटरात तं सत्तावीस हायेत ना?
हो म्हणालो.