पप्पा, नाक सोडा

अनू,

सकाळचा कॉलेजचा फोन माझा नव्हता गं, शप्पथ. फर्स्ट इयरच्या रिझल्टवर तू ज्या मोठ्या लॉ कॉलेजात बदली मागितलीस, तिथल्या मॅडम होत्या. एक सीट रिकामी झालीय. तू त्यांना "पप्पा, नाक सोडा, आवाज ओळखला" म्हणून फोन कट केलास. मग त्यांनी मला लावला. मला हसूच आलं नाही.

आज ऑफिस बंद व्हायच्या आत कोणी गेलं नाही, तर सीट पुढच्या पोरीला देणार. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझी मार्कशीट घेऊन मी जाऊन बसतो, पण सही तुझीच लागेल. वाचलंस की तडक तिकडे ये.

ही पण थट्टा वाटली, तर खालच्या रखमामावशीला विचार. रोज तिच्या दाराची कडी वाजवून पळतो, आज न वाजवता गेलो मी.

पप्पा