पाखरांचं भांडं

६ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पाखरांचं भांडं कोरडं पडू देऊ नकोस, असं तुझे बाबा दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाले होते. तुझं पत्र वाचलं आणि आधी तेच आठवलं. डासांमुळे पसरणाऱ्या तापाचं गणित मांडायचं, आणि त्यासाठी एवढ्या लांबच्या विद्यापीठाने तुला पीएचडीला जागा दिली! लोक डास मारतात, तू त्यांचे हिशेब ठेवणार. बाबा असते तर गल्लीभर सांगत सुटले असते.

होकार अजून का कळवला नाहीस? माझ्यासाठी अडून बसू नकोस. शेजारच्या सुनेला तापामुळे दाखल केलंय, बाकी सगळं ठीक. भांड्यात रोज तांब्याभर पाणी वरून घालते. आजवर चुकवलेलं नाही.

तुझी आई

१४ जून

ती. आईस शि. सा. नमस्कार.

सुनेचं वाचलं आणि लगेच फोन लावला. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या बाईंशी बोलले. त्यांच्या गणितात माणसांचे कप्पे असतात: ताप न आलेले, आलेले, बरे झालेले. बरे झालेल्यांच्या कप्प्यात मी तुला शोधत होते. पण हा ताप अनेक प्रकारचा. एक होऊन गेलेल्याला दुसरा जास्त जड जाऊ शकतो, म्हणाल्या. बाबांच्या वेळी तुम्हा दोघांनाही हाच ताप होता. घरी तू एकटी आलीस.

भांडं घासतेस, की नुसतं भरतेस? डासाची मादी अंडी पाण्याच्या जरा वर, काठाला चिकटवते. ती कोरडीही महिनोन्महिने टिकतात. वरून पाणी घातलं की फुटतात. दर आठवड्याला पाणी ओतून काठ ब्रशने खसखसून घास ना.

तुझी ठकी

२३ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

घासत नाही. घासणारही नाही. सिमेंट कालवून ते बाबांनीच केलं. आतल्या काठावर त्यांची बोटं उमटलीत, अंगठा तर रेषांसकट. फोटो पुष्कळ आहेत गं, बोटं तेवढीच. ब्रशखाली ती किती टिकतील?

त्यांना ताप त्याच भांड्याने दिला, असं तुला म्हणायचंय का? म्हणू नकोस.

शेजारची सून काल गेली. सासू माझ्याकडे येऊन नुसती बसली होती. तू होकार कळव.

आई

३० जून

ती. आईस शि. सा. नमस्कार.

तू म्हणू नकोस म्हणालीस, ते मी म्हणणार नाही. कुठला डास कुठल्या पाण्यातला, हे कुठलंच गणित सांगत नाही. खरंच सांगत नाही. एका माणसाचं तर गणितच होत नाही, हजारांचं होतं, असं बाई म्हणतात. मला काळजी एकाच माणसाची आहे.

होकार कळवला. पुढच्या महिन्यात निघते.

घासू नकोस. पाणी ओतून भांडं घरात आण, पलंगाखाली ठेव. बोटं जशीच्या तशी राहतील. पाखरं कुठे जातील, म्हणशील. बाबांचा शब्द कसा मोडू, म्हणशील. तुझं उत्तर मला आत्ताच वाचता येतंय.

लोभ आहे तसाच राहू दे. भांडं तेवढं कोरडं पडू दे, ही विनंती.

तुझी ठकी